पाण्याची अमानत आणि आपले उत्तरदायित्व

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) शहरातून खुल्दाबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात दौलताबादचा किल्ला समोर उभा राहतो. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिलेला आहे. कोणी शाळेच्या सहलीत, कोणी खुल्दाबादला जाता-येता. पाहणारे तोफा पाहतात, अंधारी पाहतात, चांदमिनारकडे मान उंच करून पाहतात. किल्ल्यातील हत्ती हौदापाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. वास्तविक तो विस्तीर्ण हौद हीच त्या किल्ल्याची खरी शिकवण आहे. तटबंदी आणि खंदक यांनी शत्रूला बाहेर रोखले. परंतु आतल्या माणसाला जगविले ते पाण्याने. 1327 साली सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने येथे राजधानी आणली, तेव्हा एवढ्या लोकवस्तीला पाणी कोठून द्यावयाचे हा प्रश्न सैन्याच्या प्रश्नाइतकाच मोठा होता. म्हणून डोंगरातील आबपाशदऱ्यात पाणी अडविले गेले, मातीच्या नळांवाटे ते खाली आणले गेले, हौद बांधले गेले. ज्यांनी ते बांधले त्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे कर्म मात्र अल्लाहच्या दफ्तरी नोंदलेले आहे.

काही दिवसांपूर्वी कुटुंबासह तेथे जाण्याचा योग आला. असरची वेळ होती. एका सज्जनाने बाटलीतील पाण्याने अगदी काळजीपूर्वक वुजू केली. कोपरापर्यंत हात धुतले, बोटांमध्ये बोटे घालून खिलाल केला. उरलेले पाणी ते प्यायले आणि रिकामी बाटली त्यांनी खंदकाच्या दिशेने भिरकावून दिली. त्यांच्या हातांवरील वुजूचे पाणीही तोवर वाळले नव्हते. माझ्या लहान मुलीने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही.

परतताना मनात एकच प्रश्न घोळत राहिला. त्या सज्जनांची चूक एका बाटलीची होती. माझ्या मौनाचे मोल किती? आजचे हे निवेदन त्या प्रश्नातून जन्मलेले आहे. ते वाचकांना उद्देशून आहे, तसेच लिहिणाऱ्यालाही उद्देशून आहे.

पाणी : निशाणी आणि परीक्षा

पवित्र कुरआनने पाण्याकडे केवळ गरजेची वस्तू म्हणून पाहिलेले नाही. सूरह अंबियाच्या तिसाव्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केले आहे की प्रत्येक सजीव वस्तू पाण्यापासून निर्माण केली गेली. सूरह फुरकानमध्ये आकाशातून उतरणाऱ्या पाण्यासाठी ‘तहूर’ हा शब्द आला आहे. म्हणजे जे स्वतः शुद्ध आहे आणि इतरांना शुद्ध करणारेही आहे. सूरह वाकिआमध्ये अल्लाह मानवाला विचारतो की जे पाणी तुम्ही पिता ते ढगांतून तुम्ही उतरविले की आम्ही? आणि पुढे सावध करतो की त्याने इच्छिले असते तर तेच पाणी त्याने खारट-कडवट केले असते. सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीतील प्रश्न तर मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही : तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल?

हा प्रश्न आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिल रोजी पहिली गाडी पोहोचली, तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते आणि ते पाहण्यासाठी माणसे स्थानकावर जमली होती. आजही आपल्या भागातील कित्येक घरांत नळाला पाणी येण्याचा दिवस हा पाहुणा येण्याच्या दिवसासारखा असतो. घरातील स्त्री रात्रभर जागते, पिंप, हंडे, कळश्या भरून ठेवते. ज्या लोकांना पाण्याची किंमत इतकी ठाऊक आहे, त्यांच्याच वस्तीतून वाहणारे नाले काळे पडावेत, विहिरी कचऱ्याने भराव्यात, ही विसंगती नव्हे काय? जे मिळत नाही त्यासाठी आपण अल्लाहकडे दुआ मागतो, आणि जे मिळाले आहे ते आपल्याच हातांनी नासवितो. सूरह रूमच्या एक्केचाळिसाव्या आयतीत हेच वास्तव सांगितले आहे, की जमिनीवर व समुद्रात जो बिघाड पसरला तो माणसांच्या हातांच्या कमाईमुळे पसरला. आणि त्याची थोडी चव त्यांना यासाठी चाखविली जाते की त्यांनी माघारी वळावे.

शुद्धता ही इबादतीची पूर्वअट

आपल्या दीनमध्ये पाण्याला जे स्थान आहे त्याचा क्षणभर विचार करा. नमाज वुजूविना नाही आणि वुजू शुद्ध पाण्याविना नाही. फिक्हच्या ग्रंथांची सुरुवातच बहुधा तहारतच्या प्रकरणाने होते. त्यात सर्व फकीहांना मान्य असलेला एक नियम आहे : अशुद्ध वस्तू मिसळल्याने पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली, तर ते पाणी अपवित्र झाले, त्याने वुजू होत नाही, गुस्ल होत नाही. आता आपल्या वस्तीजवळून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी उभे राहा आणि हे तीन निकष लावून पाहा. जेथे आपले पणजोबा कदाचित वुजू करीत असतील, तेथे आज नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभे राहवत नाही. म्हणजेच एक नदी, जी अल्लाहने ‘तहूर’ म्हणून पाठविली होती, ती आपण इबादतीच्या उपयोगातून बाद केली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. रंग, वास आणि चव हे तिन्ही ठीक असूनही पाणी रोग पसरवू शकते. कॉलरा, कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हौदातील स्वच्छ दिसणारे पाणी वुजूसाठी पवित्र असेल. तरी ते पिण्यास सुरक्षित आहेच असे नाही. ना स्वतःला अपाय करावा, ना दुसऱ्याला, हे आदरणीय प्रेषित (स.) यांनी घालून दिलेले तत्त्व येथे लागू होते. म्हणून पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घेणे ही आधुनिक हौस नसून शरीअतच्या त्या तत्त्वाचे पालन आहे.

प्रेषित (स.) यांनी साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास मनाई केली, हे कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊदमध्ये आले आहे की पाणवठ्यावर, रहदारीच्या वाटेवर आणि लोकांच्या विसाव्याच्या सावलीत शौच करणे हे शापास कारणीभूत होणारे कृत्य आहे, त्यापासून दूर राहावे. हा आदेश चौदा शतकांपूर्वीच्या वाळवंटातील लोकांपुरता आहे, असे कोणी समजू नये. त्यामागील कारण जेथे जेथे आढळेल तेथे तेथे आदेश लागू होतो. एका माणसाची घाण जर शापास कारण होते, तर संपूर्ण मोहल्ल्याचे मैलापाणी उघड्या नाल्यात सोडणे, ईद-उल-अजहाच्या दिवशी कुर्बानीचे अवशेष गटारात ढकलणे, कारखान्याचे तेलकट पाणी रात्रीच्या अंधारात ओढ्यात ओतणे, याला काय म्हणावे?

वुजूमधील उधळपट्टीचेही तसेच आहे. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण लिटरभर किंवा त्याहून कमी पाण्यात वुजू करीत आणि एक सा, फार तर पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे बुखारी व मुस्लिममध्ये नोंदलेले आहे. आपल्या मस्जिदीतील नळ पूर्ण उघडा ठेवून मसह करीत असताना किती लिटर पाणी वाहून जाते, हे एकदा बादली लावून मोजून पाहावे. उत्तर मनाला लाजविणारे असेल.

ज्याची क्षमा कोणाकडे मागावी?

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, जो मला स्वतःला अस्वस्थ करतो.

सहीह मुस्लिममध्ये ‘मुफलिस’ म्हणजे कंगाल माणसाविषयीचे कथन आहे. प्रेषित (स.) यांनी सोबत्यांना समजावून सांगितले की त्यांच्या उम्मतीतील खरा कंगाल तो, जो अंतिम न्यायाच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचे धन खाल्लेले असेल, कोणाला मारलेले असेल. मग त्याची पुण्ये त्या पीडितांना वाटून दिली जातील, आणि पुण्ये संपली तर त्यांची पापे याच्या माथी मारली जातील. याला आपण हुकूकुल-इबाद म्हणतो. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील. माणसाचा हक्क त्या माणसाने माफ करावा लागतो.

मी शेजाऱ्याला दुखविले, तर सायंकाळी त्याच्या दारी जाऊन क्षमा मागू शकतो. परंतु मी नाल्यात सोडलेले विष कोणत्या गावच्या विहिरीत झिरपले, कोणत्या आईच्या हंड्यात आले, कोणते मूल त्यामुळे अंथरुणाला खिळले, हे मला कधीच कळणार नाही. त्या मुलाला माझे नाव ठाऊक नाही, मला त्याचे नाव ठाऊक नाही. मग क्षमा मागावयाची कोणाकडे? जगात ज्याचा पत्ता लागत नाही असा हक्कदार हश्रच्या मैदानात समोर उभा राहील, तेव्हा आपल्या हातात देण्यासाठी आपल्या नमाजांखेरीज काय असेल?

आपल्या बांधवांपैकी कित्येकांचे लहानमोठे व्यवसाय आहेत : गॅरेज, रंगकाम, धुलाई, खाटीकखाना, धातूचा मुलामा देण्याचे काम. या व्यवसायांत स्वतः होऊन काही गैर नाही. हातच्या कष्टाची कमाई इस्लाममध्ये सन्माननीय आहे. गरीब कारागिराकडे मोठी यंत्रणा बसविण्याची ऐपत नसते, हेही खरे. तरीही जुने तेल डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याला देणे, रासायनिक पाणी उघड्यावर न सोडणे, चार दुकानदारांनी मिळून एक व्यवस्था उभी करणे, एवढे तर शक्य आहे. हलाल कमाईची काळजी घेणारा माणूस मालाच्या वजनात काटा मारीत नाही. तशीच त्याने आपल्या सांडपाण्याचीही काळजी घ्यावी.

जहाजाचा तळ

“मी एकट्याने काय होणार?” आणि “हे तर सरकारचे काम आहे,” अशी दोन उत्तरे आपल्या ओठांवर तयार असतात. या दोहोंचे निराकरण सहीह बुखारीतील एका दृष्टांतात आहे, जो हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केला आहे. काही लोक एका जहाजात बसले. काहींच्या वाट्याला वरचा मजला आला, काहींच्या वाट्याला खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. त्यांनी विचार केला की वरच्यांना त्रास देण्यापेक्षा आपल्याच भागात एक छिद्र पाडून घ्यावे. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सर्वच बुडतील. त्यांचे हात धरले तर सर्वच वाचतील.

या दृष्टांतातील खालच्या मजल्याचे लोक दुष्ट नव्हते. त्यांची गरज खरी होती, हेतूही वाईट नव्हता. तरी छिद्र ते छिद्रच. आणि लक्षात घ्या की दोष केवळ छिद्र पाडणाऱ्यांवर थांबत नाही. पाहून गप्प बसणारेही बुडतात. वरच्यांनी खालच्यांना पाणी सुलभ करून देण्याचा मार्गही शोधावयास हवा, हा बोधही त्यात दडलेला आहे. ज्या वस्तीला शौचालय नाही, कचरा गाडी येत नाही, तिला केवळ दूषणे देणे म्हणजे वरच्या मजल्यावरून ओरडणे होय.

सूरह आराफमध्ये सब्तवाल्यांच्या वस्तीचा प्रसंग आहे. तेथे तीन गट होते : मर्यादा ओलांडणारे, त्यांना रोखणारे, आणि रोखणाऱ्यांनाच “कशाला उपदेश करता?” असे विचारणारे. रोखणाऱ्यांनी उत्तर दिले की आपल्या पालनकर्त्यासमोर आमची सबब राहावी आणि कदाचित हे लोक सुधारावेत म्हणून. कुरआनने वाचविल्याचा उल्लेख त्या रोखणाऱ्यांचा केला आहे. त्या दिवशी किल्ल्यापाशी मी कोणत्या गटात होतो, हे मी जाणतो.

आपला वारसा आणि आजचा प्रयत्न

या भूमीत पाण्याची सेवा ही आपल्या पूर्वजांची ओळख होती. हबशी गुलाम म्हणून आयुष्य सुरू केलेल्या मलिक अंबरने 1610 साली खडकी शहर वसविले आणि जमिनीखालून नहर-ए-अंबरी खेळवून घराघराला पाणी पोहोचविले. 1626 मध्ये त्याचा मृत्यू झाला. खुल्दाबादला त्याची कबर आहे. त्याच्या लढाया आता पुस्तकांत उरल्या, पण त्याच्या नहरीचे पाणी शेकडो वर्षे लोक पीत राहिले. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहजवळील पाणचक्कीवर डोंगरातून नळांनी आणलेल्या पाण्याच्या बळावर पीठ दळले जाई, ते फकीर आणि विद्यार्थी यांच्या अन्नासाठी. त्याच पाणचक्कीच्या शेजारून खाम नदी वाहते. जटवाड्याच्या डोंगरांतून निघून गोदावरीला मिळणारी ही नदी शहरात शिरताच नाला होऊन जावी, हे आपल्या सर्वांचे अपयश होते.

आनंदाची गोष्ट अशी, की गेल्या काही वर्षांत महानगरपालिका, छावणी परिषद, इकोसत्व ही संस्था, व्हेरॉक हा उद्योगसमूह आणि सामान्य नागरिक यांनी मिळून खामच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. पात्रातील कचरा काढला गेला, काठ सावरले गेले, झाडे लावली गेली, नदीकडे पाठ फिरविलेले लोक पुन्हा नदीकाठी येऊ लागले. काम पूर्ण झालेले नाही. परंतु मेलेली मानलेली नदी माणसांच्या हातांनी सावरता येते, एवढे त्याने सिद्ध केले. अशा कामात आपल्या मस्जिदींची, आपल्या तरुणांची हजेरी किती, याचा हिशेब आपण आपल्यापुरता करावा.

येथे इतर धर्मीय बांधवांसह काम करण्यात कोणी संकोच करू नये. प्रेषितत्वापूर्वी आदरणीय मुहम्मद (स.) मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी झालेल्या ‘हिल्फुल-फुजूल’ या करारात सहभागी झाले होते, पीडिताला त्याचा हक्क मिळवून देणे हा त्याचा उद्देश होता. इस्लामच्या आगमनानंतरही असा करारासाठी कोणी बोलाविले तर आपण होकार देऊ, असे त्यांनी नंतर सांगितले. विहीर हिंदूच्या शेतात आहे की मुसलमानाच्या, हे पाण्याला ठाऊक नसते.

काय करावे?

प्रथम आपले घर. नळ गळत असेल तर आजच दुरुस्त करावा. स्वयंपाकाचे तेल, औषधे, प्लॅस्टिक मोरीत किंवा नाल्यात जाणार नाही असा नियम मुलांसमोर पाळावा.

मग मस्जिद. वुजूच्या नळांना पाणी कमी सोडणाऱ्या तोट्या बसवाव्यात. वुजूचे पाणी गटारात न सोडता झाडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावे. छतावरील पावसाचे पाणी गाळून जमिनीत मुरवावे. ईद-उल-अजहापूर्वीच्या जुम्याच्या खुतब्यात अवशेषांच्या विल्हेवाटीची व्यवस्था, ठिकाण आणि वेळ जाहीर करावी.

मग गाव आणि मोहल्ला. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या भगिनींनी त्यासाठी पुढे यावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नियमित टीसीएल पावडर टाकतो काय, आपल्या गावाला आरोग्य विभागाने हिरवे कार्ड दिले आहे की पिवळे की लाल, हे ग्रामसभेत विचारावे. हा प्रश्न भांडणाचा नाही, नागरिकाच्या हक्काचा आहे. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला आहे, आणि 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने पाणी दूषित करण्यास मनाई केली आहे. तक्रार करावयाची असेल तर ती लेखी असावी, तारखेसह असावी, छायाचित्रासह असावी आणि तिची पोच घ्यावी. ऐकीव गोष्टीवरून कोणाचेही नाव घेऊ नये. सूरह हुजुरातने बातमीची शहानिशा करण्याचा आदेश दिला आहे. बोलणे मृदू असावे. फिरऔनसारख्या जुलमी माणसाकडे पाठविताना अल्लाहने हजरत मूसा व हजरत हारून (अलै.) यांना सौम्य बोलण्यास सांगितले होते. आपला सरपंच किंवा अभियंता फिरऔन नाही आणि आपणही मूसा (अलै.) नाही.

एका अर्जाने काम होणार नाही. दुसरा द्यावा, तिसरा द्यावा. वाईट गोष्ट हाताने बदलावी, ते शक्य नसेल तर वाणीने, तेही शक्य नसेल तर मनाने तिचा तिटकारा धरावा, आणि हा ईमानचा सर्वांत दुर्बल दर्जा होय, अशी शिकवण सहीह मुस्लिममध्ये आहे. लोकशाहीत अर्ज, ग्रामसभा आणि मतदान ही आपली वाणी आहे. ती असताना शेवटच्या दर्जावर समाधान मानण्याचे कारण नाही.

सदका-ए-जारिया

हजरत साद बिन उबादा (रजि.) यांच्या आईचे निधन झाले, तेव्हा त्यांनी कोणता सदका श्रेष्ठ असे विचारले. प्रेषित (स.) यांनी पाणी असे उत्तर दिले, आणि त्यांनी आईच्या नावे विहीर खोदली. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. तहानेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली. आज आपल्या भागात नवी विहीर खोदली तरी पाणी लागेलच असे नाही. परंतु असलेली जुनी विहीर, बारव किंवा हौद गाळ काढून स्वच्छ करणे आपल्या हाती आहे. आपल्या मरहूम आई-वडिलांच्या नावे असे एखादे काम करा. एखाद्या कुटुंबाला ते एकट्याने झेपणार नसेल तर दहा कुटुंबांनी मिळून करा.

मी माझ्या मुलीला एक वचन दिले आहे. पुढच्या वेळी दौलताबादला जाताना एक मोठी पिशवी सोबत न्यावयाची, पायथ्यापाशी जमेल तेवढा कचरा दोघांनी उचलावयाचा, आणि कोणी बाटली टाकताना दिसला तर सलाम करून, हसून, त्याच्याकडून ती मागून घ्यावयाची. रस्त्यातील अपायकारक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे तिला पाठ आहे. आता ते माझ्याही हातांना पाठ व्हावे.

हे अल्लाह, तू आम्हाला शुद्ध पाणी दिलेस. त्याची शुद्धता जपण्याची सद्बुद्धी दे. आमच्या हातून ज्या अनोळखी माणसांचे नुकसान झाले असेल, त्यांना आरोग्य दे आणि त्यांची अंतःकरणे आमच्यासाठी क्षमाशील कर. आमच्या विहिरी भर, आमच्या नद्या जिवंत कर, आणि सत्य बोलण्याच्या क्षणी आमची जीभ मोकळी कर. आमीन.